देवासला बक्षीस, धारला राख

९ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत ‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’ची बक्षिसं दिली गेली. तीन लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांत पहिला नंबर देवासचा, साडेसदतीस लाख रुपये. मधल्या गटात आपलं अमरावती पहिलं आणि दहा लाखांवरच्या गटात इंदूर. माळव्यातल्या मराठी घरांत त्या दिवशी मोबाइलवर अभिनंदनाचा पूर आला असेल, आणि यायलाच हवा होता. सफाई कामगारांपासून आयुक्तांपर्यंत पुष्कळांनी त्यासाठी घाम गाळला आहे.

त्याच्या दहा आठवडे आधी, २९-३० जूनच्या रात्री, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कचऱ्याचा शेवटचा हप्ता भट्टीत गेला. ३३७ टन कचरा जाळला. राख उरली आठशे टनांहून जास्त.

देवास आणि धार, दोन्ही पवारांची संस्थानं. मधे इंदूर सोडलं तर देवासहून पीथमपूरला जायला फार वेळ लागत नाही. हवा एकच. पण एकाच्या गळ्यात हार पडला आणि दुसऱ्याच्या अंगणात राखेच्या थैल्या आल्या. मला देवासचं बक्षीस खुपत नाही. मला खुपतं ते हे, की ज्या हिशेबाने बक्षीस मिळतं त्या हिशेबात राखेची ओळच नाही. हवेतून काढलेली घाण नाहीशी होत नाही. ती पाण्यात जाते, मातीत जाते, नाहीतर शेजारच्या तालुक्यात जाते. कुठे गेली हे विचारणारा रकाना आपल्या हवा-धोरणात कुणी आखलेलाच नाही.

पीथमपूरची भट्टी जरा जवळून पाहू, कारण सगळं दुखणं तिथे उघडं पडलं आहे.

भोपाळचं वायुकांड झालं २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री. त्या कारखान्याच्या आवारातला कचरा पुढची चाळीस वर्षं कुणालाही नको होता. गुजरातेत अंकलेश्वरला पाठवायचं ठरलं, गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळायला सांगितलं. विदर्भात ओरड झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, महाराष्ट्र सरकारही आडवं आलं आणि बेत बारगळला. २०१२ मध्ये जर्मनीला नेऊन जाळायची बोलणी झाली, तीही फिसकटली. ज्याच्या मागे आवाज होता त्याने कचरा परतवला. उरलं पीथमपूर. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथे १० टनांची चाचणी झाली. मग डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत कचरा हलवा असं खडसावलं आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर भोपाळहून निघाले. पहाटे ते पीथमपूरला पोचले. ३ जानेवारीला गाव बंद होतं आणि आत्मदहनाच्या प्रयत्नात दोन माणसं भाजली. केंद्राने या कामाला १२६ कोटी रुपये मंजूर केले होते.

आता राख वाढली कशी ते पाहा. अशा कचऱ्यात क्लोरीन, गंधक आणि जड धातू असतात. नुसता जाळला तर आम्लाचा धूर निघेल. म्हणून त्यात चुना मिसळतात. जळल्यावर निघणारा वायू पुन्हा चुन्याच्या आणि कोळशाच्या भुकटीतून नेतात, कापडी पिशव्यांच्या गाळणीतून ओढतात, पाण्याने धुतात. आम्ल चुन्याला चिकटतं आणि त्याचा क्षार होतो. पारा, शिसं यांना आग संपवू शकत नाही. ते एक तर राखेत बसतात किंवा गाळणीत अडकतात. चिमणीतून जे बाहेर पडलं नाही ते सगळं खाली साठतं, वर चुन्याचं वजन. म्हणून ३३७ टनांचे आठशेच्या वर टन होतात. भट्टीवाल्यांनी चोरी केली म्हणून नव्हे, हवा राखायचा नियम पाळला म्हणून.

चाचण्यांच्या वेळी चिमणीतून निघालेलं सगळं मर्यादेत होतं असं प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं. ते खरं मानू. आकडे मर्यादेत आले, फाइल पूर्ण झाली. मग तारपुरा गावाला भट्टीच्या कुंपणापलीकडे रोज ज्याच्याकडे बघत जगायचं आहे त्या राखेचं काय? तिच्यासाठी खड्डा खणायचा, तळाला प्लॅस्टिकचं जाड अस्तर अंथरायचं, वरून झाकायचं आणि ते अस्तर नातवंडांच्या काळापर्यंत फाटणार नाही असं धरून चालायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने वस्तीपासून ५०० मीटरवर ही राख पुरायची योजना मान्य केली नाही, दुसरी जागा शोधा असं सांगितलं. न्यायालयाने विचारलं म्हणून प्रश्न पुढे आला. कचरा हलवायचा आराखडा करणाऱ्यांनी तो आधी विचारायला हवा होता: जाळल्यावर जे उरेल ते नेमकं कोणाच्या शिवारात?

आणि भोपाळ? कारखान्याभोवतीची विषारी माती आणि भूजल जिथल्या तिथे आहे. ३३७ टन उचलले म्हणून भोपाळ सुटलं नाही; पीथमपूर मात्र अडकलं.

आता देवासकडे वळू.

देवासची हवा ही मराठी माणसाच्या ओळखीची हवा आहे. १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने खंगलेलं शरीर घेऊन देवासला आले ते हवापालटासाठी. कोरडी हवा फुप्फुसांना मानवेल असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. पाच-सहा वर्षं आवाज गप्प राहिला, मग गाणं परत आलं, आणि टेकडीच्या पायथ्याचं ‘भानुकुल’ हे अवघ्या संगीताचं घर झालं. १९९२ मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला. ज्या गावात आजारी फुप्फुसं बरी व्हायला यायची, ते गाव आज केंद्राच्या ‘हवेच्या मानकात न बसणाऱ्या’ शहरांच्या यादीत आहे. मध्य प्रदेशातली अशी सात शहरं: भोपाळ, इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर, जबलपूर, सागर. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमाचा पैसा आणि धाक या यादीवर चालतो. देशभरात अशी सुमारे १३० शहरं.

या कार्यक्रमात शहराने काय कमावलं हे ठरतं ते पीएम १० या एका मापाने, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून. रस्त्यावरची धूळ त्यात जाडजूड वाटा उचलते. मग शहरं काय करणार? जे माप मोजलं जातं ते खाली आणणार. झाडणारी यंत्रं घ्या, पाण्याच्या तोफा घ्या, रस्त्याच्या कडेची माती झाकून पेव्हर ब्लॉक टाका. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये देशभरचा खर्च तपासला तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेलेला होता. उद्योगांच्या धुरावर ०.६१ टक्के. शंभर रुपयांतले एकसष्ट पैसे! आणि छातीत खोल उतरून रक्तात मिसळणारा जो बारीक कण, पीएम २.५, तो बहुतेक करून जळण्यातून येतो: बॉयलर, डिझेल, चूल, कचऱ्याची शेकोटी, भट्टी. त्याच्या मापाला या परीक्षेत गुण नाहीत. जाड धूळ दाबली की आकडा झपाट्याने उतरतो. बारीक धूर तसाच राहिला तर पोराचा दमाही तसाच राहतो.

देवास हे कारखान्यांचं गाव आहे. नोटांचा छापखाना, चामड्याचे कारखाने, गिअर, औषधं. या गावात हवेचा प्रश्न धुळीपुरता असेल असं कोणी म्हणत असेल तर त्याने पहाटे औद्योगिक वसाहतीतून एक फेरी मारावी.

आणि पाणी! पाण्याच्या तोफांबद्दल देवासमध्ये बोलताना जीभ जड व्हायला हवी. हे तेच देवास, जिथे १९९० साली पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागलं. टँकरच्या वॅगन स्टेशनात लागायच्या तेव्हा गाव प्यायचं. भूजल इतकं उपसलं होतं की विहिरींना तळ उरला नव्हता. पुढे २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना हाताशी धरून शेततळ्यांची मोहीम काढली, ‘रेवासागर’ नावाची तळी हजारोंनी झाली आणि जिल्हा सावरला. अशा गावात उन्हाळ्यात धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी उडवायचं. माळव्याच्या मे महिन्यात ते सुकायला किती वेळ लागतो हे शेंबडं पोरही सांगेल. सुकलं की पुन्हा धूळ, पुन्हा टँकर. सांडपाणी शुद्ध करून तेच वापरलं तर मी तक्रार करणार नाही. पण ते कुठलं पाणी आहे, किती आहे, हे वॉर्डा-वॉर्डात फलकावर लिहा.

पेव्हर ब्लॉकचंही तसंच. रस्त्याच्या कडेला उघडी माती दिसली की ती झाकायची. काळी कसदार माती पावसाचं पाणी पिते, झाडाला जगवते. तिच्यावर सिमेंट पडलं की पाणी गटारात जातं आणि झाडाचा गळा आवळला जातो. दिल्लीत हे इतकं झालं की २०१३ मध्ये हरित लवादाला सांगावं लागलं, झाडांभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट फोडा. त्या कडेला गवत लावलं असतं, झुडपं लावली असती, तरी धूळ बसली असती आणि पाणीही मुरलं असतं. पण गवताचं बिल छोटं असतं आणि त्याचा फोटो अहवालात उठून दिसत नाही.

हद्दीचा मुद्दा देवासकरांना मी वेगळा सांगायला नको. संस्थानी काळात या एका गावात दोन दरबार होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांचे वंश. रस्त्याची ही बाजू थोरल्यांची, ती धाकट्यांची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून इथे राहून गेले आणि पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. दोन राज्यांच्या दोन हद्दी असल्या तरी वारा कधी थांबला नाही. आज आपण तेच करतो आहोत, फक्त पात्यांच्या जागी महानगरपालिका आल्या. देवास यादीत आहे, इंदूर यादीत आहे, उज्जैन यादीत आहे. आणि या तिघांच्या शेजारी, शेकडो कारखाने घेऊन बसलेलं पीथमपूर यादीत नाही, कारण ते धार जिल्ह्यातली एक नगरपालिका आहे. तिथे हवा मोजायचं यंत्र आहे, सेक्टर २ मध्ये. देवासचं भोपाळ चौराह्यावर आहे. दोन्हीचे आकडे एकाच संकेतस्थळावर दिसतात. पण एका आकड्यामागे निधी आहे, आराखडा आहे, बक्षीस आहे. दुसऱ्या आकड्यामागे काहीच नाही. उन्हाळ्यात माळव्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. पीथमपूरच्या चिमण्यांवरून आलेला वारा इंदुरात शिरतो, पुढे देवासकडे जातो. त्याला जिल्हा विचारतो कोण?

अशा यादीचा आणखी एक परिणाम होतो आणि तो कारखानदाराला चटकन कळतो. यादीतल्या गावात नियम कडक, तपासणी वारंवार, तर मग विस्तार करायचा तो यादीबाहेरच्या गावात. यात कायद्याचा भंग नाही. २०१० च्या जानेवारीत केंद्राने देशातल्या ४३ अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांवर नव्या परवानग्यांची बंदी घातली, त्यात इंदूर होतं, आपल्याकडचं चंद्रपूर, डोंबिवली, तारापूर होतं. बंदी पट्ट्याला होती. पट्ट्याच्या पलीकडच्या शेताला नव्हती. नियमाने धूर कमी केला की फक्त शेजारी बदलला, हे तपासायला दोन्ही बाजू मोजाव्या लागतात.

हे आपल्यापुरतंच नाही. १९५२ च्या लंडनच्या धुरक्याने हजारो माणसं मेल्यावर ब्रिटनने १९५६ मध्ये कायदा केला, आणि वीजकेंद्रांना आभाळाला भिडणाऱ्या चिमण्या उभारल्या. लंडनची हवा सुधारली. गंधकाचा धूर उंचावरून वाऱ्याबरोबर गेला आणि स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत आम्लाचा पाऊस होऊन पडला, मासे मेले. आपल्याकडे आजही चिमणीची उंची ठरते ती ताशी किती गंधक-डायऑक्साइड सोडणार या सूत्रावर, जास्त सोडणार तर चिमणी उंच बांधा. जवळच्या गावाला दिलासा, लांबच्या गावाला पार्सल.

पंजाबचं उदाहरण तर आणखी बोचरं. २००९ मध्ये भूजल वाचवायला कायदा झाला, भाताची लावणी १० जूनपर्यंत पुढे ढकलली. हेतू निर्मळ होता. पण लावणी पुढे गेली, कापणी पुढे गेली, आणि धसकटं जाळायची वेळ नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वारा पडल्यावर आली. पाणी वाचवायच्या कायद्याने दिल्लीच्या छातीवर धूर बसवला.

तेच आता माळव्यात वेगळ्या रूपाने येतं आहे. गहू हार्वेस्टरने कापला की जे धसकट उभं राहतं त्याला तिथे नरवाई म्हणतात. मध्य प्रदेशात ती जाळण्याचं प्रमाण फार वाढलं, हे खरं आणि वाईट आहे. जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य जळतं, बांध पेटतो, कधी शेजाऱ्याचं उभं पीक जातं. दंड आधीपासून होता: दोन एकरांपर्यंत अडीच हजार, पाच एकरांपर्यंत पाच हजार, त्यावर पंधरा हजार. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने त्यात भर घातली. १ मे पासून जो नरवाई जाळेल त्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे नाहीत आणि पुढच्या वर्षी त्याचा माल हमीभावाने घेणार नाही.

आता हा नियम शेताच्या बांधावर कसा उतरेल ते पाहा. जमीन ज्याच्या नावावर, योजना त्याच्या नावावर. पण शेत बटाईने करणारा दुसराच असतो. काडी तो लावणार, हमीभाव मालकाचा जाणार; मग मालक पुढच्या वर्षी बटाईच मोडणार. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर आहे तो नरवाई मातीत गाडून मोकळा. ज्याला यंत्र भाड्याने आणायचं आहे त्याची पाळी येईपर्यंत मूग पेरायचा हंगाम टळतो. त्याने काय करावं? पंजाब-हरयाणात त्याने काय केलं ते शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे: दुपारी उपग्रह डोक्यावरून गेला की मग काडी लावायची. उपग्रहाच्या मोजणीत आगी घटतात. संध्याकाळी हवा खाली बसते तेव्हा धूर निघतो, म्हणजे दुपारपेक्षा जास्त वेळ तो गावात रेंगाळतो. शिक्षेने आकडा बरा केला आणि श्वास बिघडवला. धार-देवासला हे होऊ द्यायचं नसेल तर दंडाच्या पावतीआधी गावात यंत्र पोचलं पाहिजे, आणि ते कापणीच्या आठवड्यात पोचलं पाहिजे. कापणी उरकल्यावर आलेलं यंत्र शेतकऱ्याच्या काय कामाचं?

मी हवा-नियंत्रणाच्या विरोधात लिहीत नाही. भोपाळमध्ये एका रात्रीत काय झालं हे माहीत असलेला कोणी तसं लिहू शकणार नाही. भट्टीला गाळणी हवीच, रस्त्यावरची धूळ कमी व्हायलाच हवी, नरवाई जळता कामा नये. पण प्रत्येक उपायाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे हे आधी बघा. बहुतेक वेळा तिथे तारपुऱ्याचा माणूस असतो, बटाईदार असतो, नळाला दिवसाआड पाणी येणारी बाई असते. ज्याला नागपूरसारखं न्यायालयात जाता येत नाही, जर्मनीसारखं नाही म्हणता येत नाही.

इंदूर-देवास-उज्जैन-पीथमपूर हा हवेचा एकच पट्टा मानून एकच आराखडा करा. बक्षीस द्यायचं तर पट्ट्याला द्या. बक्षिसाच्या गुणांत पीएम २.५ घाला. आणि हवा स्वच्छ करणाऱ्या प्रत्येक यंत्राने किती राख, किती गाळ काढला, किती पाणी प्यायलं आणि ते कुठे टाकलं, याची नोंदवही पंचायतीत कुणालाही बघता येईल अशी ठेवा.

वाचकहो, अमरावतीकर असा, देवासकर असा, चंद्रपूरकर असा, तुमच्या शहराला हवेचं पुढचं बक्षीस मिळेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. मग महापालिकेत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका: या वर्षी हवेच्या निधीतला किती पैसा धुळीवर गेला, किती धुरावर, आणि शहरातून काढलेली घाण कोणत्या गावाच्या हद्दीत नेऊन टाकली, त्या गावाचं नाव काय.